खासगी आणि उंबरठा

शब्दांचा इतिहास ही पुष्कळदां समाजाच्या इतिहासाची गुरुकिल्ली असते. ‘खासगी’ हा शब्द आज आपण किती सहज वापरतों! खासगी पत्र, खासगी नोकरी, खासगी गोष्ट. परंतु मराठी राज्याच्या दप्तरांत हा शब्द इतका स्वस्त नव्हता. तेथें ‘खासगी’ म्हणजे राज्यकर्त्याच्या घरचा कारभार. त्याच्या कुटुंबाचा खर्च, त्याचें स्वतःचें उत्पन्न, त्याची चीजवस्त. दौलतीचा हिशेब निराळा आणि खासगीचा निराळा. होळकरांच्या राज्यांत खासगीच्या उत्पन्नांतून अहल्याबाईंनीं देशभर घाट व मंदिरें बांधलीं, हें सर्वश्रुत आहे. पुण्यांत ‘खासगीवाले’ हें आडनांव अद्याप त्या कारभाराची आठवण देतें. म्हणजे खासगी ही वस्तु मूळची राजाची. रयतेला खासगी कोठून असणार? तिच्याजवळ होता तो फक्त घराचा उंबरठा.

राजाची ही खासगी रयतेच्या उंबरठ्यापर्यंत कशी आली, आणि ती आल्यावर आज आपण तिचें काय करीत आहों, याचा थोडासा विचार या लेखांत करावयाचा आहे. विषय दिसतो तितका दूरचा नाहीं. पिंपरी-चिंचवडच्या किंवा चाकणच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या कामगाराच्या खिशांत आज जें लहानसें यंत्र असतें, त्यांत त्याचीं पत्रें, त्याच्या मुलांचीं छायाचित्रें, त्याची बँक, त्याचे दवाखान्याचे कागद आणि त्याच्या येण्याजाण्याची वाट एवढें सर्व सांठविलेलें असतें. पूर्वींच्या एखाद्या सरदाराच्या दप्तरखान्यांत आणि जामदारखान्यांत मिळून जेवढें नसेल तेवढें आज सामान्य माणसाच्या मुठींत आहे. दप्तरखान्याला पहारा असे. या मुठीला पहारा कोणाचा?

प्रारंभींच एका आक्षेपाचा परामर्श घेणें अवश्य आहे. कित्येक विद्वान् म्हणतात, कीं खासगीपणाची कल्पना पाश्चात्त्य आहे. आमच्या गांवांत सर्वांना सर्वांचें सर्व कांहीं ठाऊक असे. या म्हणण्यांत तथ्य आहे. कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं, कोणाची सून माहेरीं रुसून गेली, कोणाचा बैल कर्जांत गेला, हें पारावर दुपारपर्यंत कळत असे. वाड्यांतल्या आणि चाळींतल्या बिऱ्हाडांची गोष्टहि याहून निराळी नव्हती. शिवाय ज्यांना गांवानें गांवाबाहेर ठेवलें त्यांच्या उंबरठ्याची पर्वा कोणीं केली नाहीं, आणि घरांतल्या बायकांना घरांतच चार भिंतींचा आडोसा मिळणें कठीण होतें. गतकाल रंगवून सांगण्याचें कारण नाहीं.

तथापि एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. गांवाला माझें ठाऊक होतें, तसें मलाहि गांवाचें ठाऊक होतें. माझें ऐकणारा मला दिसत होता. त्यानें जास्त बोभाटा केला तर त्याचेंहि एखादें लपलेलें प्रकरण मला माहीत होतें. या परस्परतेमुळें माहितीला आपोआप एक लगाम राहत असे. आज जो आपल्याविषयीं जाणतो तो आपल्याला दिसत नाहीं, त्याचें नांव आपल्याला ठाऊक नसतें, आणि त्याच्याविषयीं आपण कांहींच जाणत नाहीं. माहिती एकाच दिशेनें वाहते. गांवाच्या कुजबुजीहून ही गोष्ट अगदीं वेगळ्या जातीची आहे, आणि तिचें नातें पारापेक्षां सत्तेशीं अधिक आहे.

सत्तेला स्वतःच्या गुप्ततेचें महत्त्व फार पूर्वींपासून कळत होतें. शिवकालीन पत्राच्या मस्तकीं राजाची मुद्रा असे आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मोर्तब उमटविली जाई. या शेवटच्या शिक्क्याचा अर्थ असा, कीं लेखनाची सीमा येथें संपली. यापुढें कोणीं एक अक्षर वाढविलें तरी तें राजाचें नव्हे. लांब पत्रासाठीं कागदाचे बंद एकाखालीं एक चिकटवीत, आणि त्या सांध्यांवरहि शिक्के मारीत, म्हणजे मधला एखादा बंद काढून दुसरा घालण्याची सोय राहूं नये. अति नाजूक मजकूर तर कागदावर येतच नसे; पत्र घेऊन येणारा माणूस तो तोंडीं सांगेल, एवढेंच लिहिलें जाई. चिंचवडच्या श्रीमोरया गोसावींच्या संस्थानाला निरनिराळ्या राजवटींत जीं इनामें मिळालीं, त्यांच्या सनदांचें बळ याच शिक्क्यांत होतें. आज ज्याला डिजिटल स्वाक्षरी म्हणतात तिच्यापुढेंहि हेच दोन जुने प्रश्न आहेत: लिहिणारा खरोखर तोच आहे काय, आणि वाटेंत कोणीं अक्षर बदललें नाहीं ना? गणित नवें आहे; काळजी जुनीच आहे.

ही काळजी कशाची करावी लागते, याचे दोन उत्तम धडे आपल्याच प्रदेशांत सांपडतात. चाकण म्हटलें म्हणजे आज मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढें येतात. पण १६६० सालीं शाएस्ताखानानें चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला, तेव्हां फिरंगोजी नरसाळ्यानें थोड्याशा शिबंदीनिशीं तो भुईकोट सुमारें दोन महिने लढविला. अखेरीस बुरुजाखालीं सुरुंग लावून खानानें तट उडविला, तेव्हांच किल्ला पडला. हा झाला एक प्रकार: बळानें भिंत फोडण्याचा. पुढें तीन वर्षांनीं, १६६३च्या एप्रिल महिन्यांत, तोच खान पुण्यास लाल महालांत सहस्रावधि सैन्याच्या गराड्यांत निजला असतां महाराज मूठभर माणसांनिशीं त्याच्या शयनगृहापर्यंत पोंचले आणि खानाचीं बोटें तुटलीं. चाकणचा तट फोडण्यास खानाला दोन महिने लागले; खानाच्या अंतःपुरांत शिरण्यास महाराजांना एक रात्र पुरली. कारण उघड आहे. लाल महाल हें महाराजांच्या बाळपणाचें घर. कोणती भिंत कच्ची, कोठली खिडकी बुजविलेली, स्वयंपाकघरांतून आंत जाण्याची वाट कोणती, हें त्यांना ठाऊक होतें. बाहेरच्या पहाऱ्याहून आंतल्या माहितीचें बळ मोठें असतें, हा तो दुसरा धडा.

या दोन्ही धड्यांचा प्रत्यय पुण्यानें अलीकडे पुन्हां घेतला आहे. २००५ सालीं पुण्यांतील एका कॉल सेंटरमधल्या कांहीं तरुण नोकरांनीं अमेरिकेंतील बँक-ग्राहकांशीं गोड बोलून त्यांचे गुप्त अंक काढून घेतले आणि साडेतीन लक्ष डॉलरांच्या आसपास रक्कम इकडच्या खात्यांत वळविली. तेथें कोणतेंहि कुलूप फुटलें नव्हतें. मालकानेंच किल्ली हातांत दिली होती. २०१८च्या ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो हल्ला झाला त्यांत बँकेच्या यंत्रणेंत घुसलेल्या दुष्ट आज्ञावलीनें एटीएम यंत्रांना खोटी संमति दिली, आणि अवघ्या दोन-तीन दिवसांत सुमारें ९४ कोटि रुपये नाहींसे झाले. अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून पैसे निघाले, पण दरोडेखोराचें पाऊल बँकेच्या पायरीवर उमटलें नाहीं. एक लाल महाल, एक चाकण. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यांत नवें असें फारसें दिसत नाहीं.

परंतु हा सर्व राज्यांचा, किल्ल्यांचा आणि पेढ्यांचा इतिहास झाला. सामान्य गृहस्थाच्या उंबरठ्याचा प्रश्न पुण्यांत प्रथम उघडपणें उभा राहिला तो १८९७ सालीं.

मुंबईस १८९६ सालीं प्लेग आला व लौकरच पुण्यास पोंचला. रोग खरा होता व भयंकर होता. सरकारनें कांहींच करूं नये असें कोणाचेंहि म्हणणें नव्हतें. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा अत्यंत घाईनें मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पण साथ आटोक्यांत आणण्यासाठीं जें अवश्य वाटेल तें करण्याची जवळजवळ अमर्याद मुभा त्यानें अधिकाऱ्यांना दिली. पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली गेली आणि मार्च महिन्यांत लष्करी शिपायांच्या तुकड्या घराघरांची झडती घेऊं लागल्या.

या झडत्यांचा हेतु लपविलेले रोगी शोधण्याचा होता. पण त्यांची रीत अशी, कीं पायांत बूट घातलेला परका शिपाई ओसरी ओलांडून माजघरांत, माजघरांतून स्वयंपाकघरांत आणि तेथून देवघरांत जाई. आजारी वाटेल त्याला उचलून इस्पितळांत नेत. घरच्या मंडळींना छावणींत नेऊन ठेवीत. अंथरुणें-पांघरुणें जाळीत, जमीन खणीत, भिंतींना चुना फांशीत. स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांकडून व कित्येकदां उघड्यावर होई, अशा तक्रारी सारख्या येत होत्या. लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’ंतून या रीतीवर कडक टीका केली. त्याच वेळीं शहर न सोडतां हिंदु प्लेग इस्पितळ चालविण्यास हातभारहि लावला. रोगाशीं लढण्यास त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो उंबरठ्याची किंमत शून्य धरण्यास.

याच प्रकरणांतील गोपाळराव गोखल्यांची हकीकत या विषयाच्या दृष्टीनें मला सर्वांत अधिक बोधप्रद वाटते. गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनीं तेथील वृत्तपत्रांतून शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप जाहीर केला. सरकारनें पुरावा मागितला. गोखले परत आले, चौकशी करूं लागले. पण साक्षीला कोणी उभें राहीना. शेवटीं त्यांना जाहीर व बिनशर्त माफी मागावी लागली, आणि स्वकीयांचे बोल ऐकून घ्यावे लागले. पुरावा मिळाला नाहीं म्हणून आरोप खोटाच होता, किंवा मिळाला नाहीं तरी तो खराच होता, असा निर्णय आज देण्याचें कारण नाहीं. पाहण्याची गोष्ट निराळी आहे. ज्या घराची अब्रू गेली, त्यानें ती गेल्याचें सिद्ध करावयाचें तर चारचौघांत पुन्हां एकदां ती उघडी करावयाची. चोरीला गेलेला दागिना ‘माझा’ म्हणून ओळखतां येतो. उघडें पडलेलें गुह्य ‘माझें’ म्हटल्याबरोबर अधिकच उघडें पडतें. म्हणून या जातीच्या अन्यायाचे फिर्यादी नेहमीं थोडे असतात. आजहि आपल्या छायाचित्राचा दुरुपयोग झालेली मुलगी किंवा फोनवरून फसलेला निवृत्त गृहस्थ पोलिसांकडे जावयास कचरतो, त्याचें मूळ येथेंच आहे.

पुढील इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा करून गणेशखिंडीच्या सरकारी वाड्यांतून परततांना रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला. रँड ३ जुलैला वारला. झाडणारे चाफेकर बंधु हे चिंचवडचे. त्यांचे वडील हरिपंत कीर्तनकार होते. दामोदरपंतांना १८९८च्या एप्रिलांत फांशी झाली. वासुदेव व बाळकृष्ण आणि त्यांचे मित्र महादेव रानडे हे १८९९च्या मे महिन्यांत फांशीं गेले. टिळकांवर १८९७ सालींच राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. चिंचवडच्या ज्या चौकाला आज चाफेकरांचें नांव आहे, तेथून रोज हजारों लोक कामावर जातात. मनुष्यवधाचा न्याय-अन्याय ठरविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं, आणि चाफेकरांच्या मनांत इतरहि अनेक विचार होते हें त्यांच्या आत्मवृत्तावरून दिसतें. पण या झडत्या झाल्या नसत्या तर गणेशखिंडीचा तो प्रसंग घडला असता, असें म्हणणें कठीण आहे.

आणखी एक गोष्ट इतिहासानें नोंदवून ठेवली आहे. सक्तीमुळें रोग आटोक्यांत आला नाहीं. लोक रोगी लपवूं लागले, गांव सोडून पळूं लागले, आणि पळतांना रोगहि बरोबर नेऊं लागले. पुढील दोन-तीन वर्षांत सरकारला सक्तीचे उपाय पुष्कळ सैल करावे लागले, आणि लोकांना समजावून लस टोंचण्याकडे अधिक लक्ष द्यावें लागलें. उंबरठा तुडविला, कीं घर आंतून बंद होतें. मग खरी माहितीहि मिळेनाशी होते. विश्वास हा राज्यकारभाराचा खर्च नसून भांडवल आहे, हें त्या पिढीला फार महागांत कळलें.

१८९७ हें वर्ष आणखी एका कारणानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. याच वर्षीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांचें सरकारी कार्यालय स्थापन झालें. या प्रकारचें जगांतलें तें पहिलें समजलें जातें. त्याचें बीज १८५८ सालीं बंगाल्यांतील एका अधिकाऱ्यानें करारावर मक्तेदाराच्या हाताचा ठसा घेतला, त्यांत होतें. अंगठा देण्याची आपल्याकडील जुनी चाल ही निरक्षरतेची खूण. ती येथें ओळखीचें शास्त्र बनली. पुढें २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी वस्तींत पहिले ‘आधार’ क्रमांक दिले गेले, तेव्हां दहाहि बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या खुणा एका क्रमांकाशीं बांधल्या गेल्या. ज्याच्यापाशीं कोणताच कागद नव्हता त्याला या क्रमांकानें ओळख दिली, हा त्याचा मोठा उपकार नाकारतां येणार नाहीं. परंतु किल्ली हरवली तर कुलूप बदलतां येतें. बोट बदलतां येत नाहीं. म्हणून ही किल्ली कोणाच्या हातीं द्यावयाची, हा प्रश्न साध्या कुलुपाच्या प्रश्नाहून गंभीर आहे.

आतां कायद्याकडे वळूं. १८८५च्या तारेच्या कायद्यानें आणि १८९८च्या टपालाच्या कायद्यानें सरकारला तारा व पत्रें अडविण्याचा अधिकार दिला. याच्या उलट दिशेचा विचारहि त्याच काळीं सुरू झाला होता. १८९५ सालच्या हिंदी राज्यघटनेच्या एका मसुद्यांत प्रत्येक नागरिकाचें घर हें त्याचें अनुल्लंघनीय आश्रयस्थान होय, अशी तरतूद होती. प्लेगच्या झडत्यांच्या अगोदर दोन वर्षें! पुढें १९४७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घटनेसाठीं जें निवेदन तयार केलें त्यांत देह, घर, कागदपत्रें आणि चीजवस्त यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलें होतें. १९४८च्या डिसेंबरांत मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं याच अर्थाची सूचना घटना समितींत मांडली आणि आंबेडकरांनीं ती स्वीकारण्याची तयारीहि दर्शविली. पण मतदानांत ती टिकली नाहीं. स्वराज्य मिळालें, घटना झाली, आणि उंबरठा मात्र नांवानें घटनेंत आला नाहीं.

तो येण्यास आणखी सत्तर वर्षें लागलीं. १९५४ सालीं आणि १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा हक्क घटनेंत नाहीं असें म्हटलें; तथापि १९६२च्या खडकसिंग प्रकरणांत रात्रीं-अपरात्रीं पोलिसांनीं घरावर जाऊन दार ठोठावण्याचा नियम मात्र रद्द केला. १९९६ सालीं फोन चोरून ऐकण्यावर न्यायालयानें कांहीं बंधनें घातलीं. अखेर निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला, कीं खासगीपणा हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. यांतील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांचें. आणीबाणींत, १९७६ सालीं, नागरिकाला जीविताच्या हक्कासाठींहि न्यायालयाचें दार बंद ठेवणाऱ्या ज्या बहुमताच्या निकालांत त्यांचे वडील न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड सामील होते, तो निकाल पुत्रानें याच निकालपत्रांत चुकीचा ठरविला. हें घराणें मूळचें खेड तालुक्यांतील कन्हेरसरचें. चाकणहि त्याच तालुक्यांत आहे. १८९७ सालीं चिंचवडच्या तरुणांनीं ज्या गोष्टीसाठीं पिस्तुल हातीं घेतलें, तिला १२० वर्षांनीं शेजारच्याच एका घराण्याच्या लेखणीनें कायद्याचें नांव दिलें.

तरीहि कायद्याचें नांव मिळालें म्हणजे काम संपलें असें नाहीं. २०२० सालीं कोविडची साथ आली तेव्हां महाराष्ट्रानें तोच १८९७चा कायदा पुन्हां बाहेर काढला. घरीं विलग राहण्यास सांगितलेल्या माणसांच्या हातावर शिक्के मारले गेले; एके काळीं जो शिक्का पत्राची मर्यादा सांगत असे तो माणसाची मर्यादा सांगूं लागला. तो शिक्का कांहीं दिवसांत पुसला गेला. फोनांतून आणि फॉर्मांतून गोळा झालेली माहिती मात्र शाईसारखी आपोआप पुसली जात नाहीं. टपाल व तार यांचे जुने कायदे २०२३ सालच्या नव्या कायद्यांनीं बाजूस सारले. पण संदेश अडविण्याचा अधिकार नव्यांतहि राहिला आहे. त्याच वर्षीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती कशासाठीं हवी तें सांगा, संमति घ्या, काम संपल्यावर पुसून टाका, हें त्याचें मुख्य सूत्र चांगलें आहे. सरकारला त्यांत सवलती बऱ्याच आहेत, ही त्यांतली उणीव.

कायदा दिल्लीचा, उंबरठा मात्र आपला. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पाहतां पाहतां पिंपरीपासून चाकणपर्यंतचा पट्टा मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या माणसांनीं भरून गेला. या माणसाला गांवांत ओळखपत्र लागत नव्हतें. येथें प्रत्येक पावलाला लागतें. खोली घेतांना घरमालकाला, कामावर लागतांना ठेकेदाराला, सिमकार्ड घेतांना दुकानदाराला, बँकेंत, दवाखान्यांत, शाळेंत, सर्वत्र तो आपल्या आधारपत्राची छायाप्रत देत जातो. झेरॉक्सच्या दुकानांत वाया गेलेली प्रत टोपलींत पडते. ठेकेदाराच्या टेबलावर शंभर कामगारांचे कागद उघडे असतात. येथें बूट घातलेला शिपाई नाहीं, जुलूम नाहीं, आरडाओरडा नाहीं. माणूस आपल्याच हातानें उंबरठा उचलून दुसऱ्याच्या स्वाधीन करतो.

आणि याच संवयीवर लुच्चे लोक जगतात. अलीकडे ‘डिजिटल अटक’ म्हणून जो प्रकार फैलावला आहे तो पाहा. फोनच्या पडद्यावर गणवेषांतला माणूस दिसतो. तुमच्या नांवानें अमली पदार्थांचें पार्सल सांपडलें असें सांगतो. कॅमेऱ्यापुढून हलूं नका, घरांत कोणाशीं बोलूं नका, अमुक खात्यांत पैसे भरा, असा हुकूम सोडतो. सुशिक्षित व वृद्ध माणसें दिवसचे दिवस अशा कैदेंत राहिलीं आहेत. आपल्या कायद्यांत अशी अटक नाहीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें पंतप्रधानांनाहि आकाशवाणीवरून तसें सांगावें लागलें. मग माणसें फसतात कां? सरकारी आवाज चढला, कीं दार उघडावयाचें, कारण विचारावयाचें नाहीं, ही पिढ्यान् पिढ्यांची संवय आपल्या अंगीं मुरलेली आहे. १८९७च्या शिपायाला अडविणें शक्य नव्हतें. आजच्या या तोतयाला अडविण्यास फोन बंद करणें पुरतें. पण त्या साध्या कृतीला जें धैर्य लागतें तें आपण घरांत शिकवीत नाहीं.

म्हणून चार गोष्टी प्रत्येक घरानें शिकाव्या. फोनवर येणारा ओटीपी ही तिजोरीची किल्ली समजावी. ती मागणारा बँकेचा असो वा पोलिसांतला, देऊं नये. आधारची प्रत द्यावयाची झाल्यास पहिले आठ आंकडे झांकलेली प्रत मिळते ती द्यावी. बोटांच्या ठशांचा वापर आपल्या मर्जीनें कुलूपबंद करतां येतो, तो तसा ठेवावा. कागदी प्रतीवर ‘केवळ अमुक कामासाठीं’ असें लिहून तारीख घालावी. हीच आपली ‘मर्यादेयं विराजते’. लबाडाला ती पुरती अडविणार नाहीं, पण त्याचें काम अवघड करील आणि आपल्याला सावध ठेवील. बँकेचा आणि टपालाचा संकेतशब्द एकच ठेवणें म्हणजे दिंडीची आणि तिजोरीची किल्ली एकाच दोऱ्यांत ओवणें होय. आणि इतकें करूनहि फसवणूक झालीच तर लाजून बसूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसे खात्यांतून खात्यांत पळत असतात, आणि तेथें घटका दोन घटकांनींहि फरक पडतो.

‘आम्ही कांहीं लपविण्यासारखें केलें नाहीं, मग भीति कशाची?’ असें वर्गांत विद्यार्थी विचारतात, आणि घरींदारीं वडीलधारेहि विचारतात. १८९७ सालीं ज्या घरांत शिपाई शिरले त्यांतील बहुतेकांनींहि कांहीं लपविलें नव्हतें. देवघरांत देव होते आणि स्वयंपाकघरांत चूल होती. तरीहि त्यांना जें दुःख झालें तें खोटें नव्हतें. दार लावण्यासाठीं आंत पाप असावें लागत नाहीं; आंत आपलें माणूस असलें म्हणजे पुरें.

शेवटीं एक गोष्ट आपल्या वर्गाच्या वाचकांना विशेषेंकरून सांगावीशी वाटते. आपण केवळ माहिती देणारे नाहीं, मागणारेहि आहों. आपल्या गृहसंस्थेच्या फाटकावर घरकाम करणाऱ्या बाईंचें छायाचित्र, फोन क्रमांक, आधार आणि येण्याजाण्याची वेळ रोज टिपली जाते, आणि ती वही कोणाच्या हातीं जाते याची चौकशी आपण करीत नाहीं. शाळेच्या गटावर दुसऱ्याच्या मुलाचे गुण आणि आजार आपण सहज पुढें धाडतों. एके काळीं खासगी राजाला होती आणि रयतेला नव्हती. ती आतां आपल्यापर्यंत आली असेल, तर आपल्या दारांत येणाऱ्या माणसापर्यंतहि ती पोंचली पाहिजे. पुढच्या सभेंत त्या बाईंची माहिती नक्की कशासाठीं हवी, ती किती दिवस ठेवावयाची आणि काम सोडल्यावर ती पुसणार कोण, एवढे तीन प्रश्न कोणीतरी विचारावे.